चौरंगावरची कादंबरी

माझ्या आईला माहेराहून आंदणात काय काय मिळालं, याची यादी मला लहानपणी तोंडपाठ होती. तांब्याचं घंगाळ, दोन पितळी समया, शिसवी पलंग, दुभती गाय वासरासकट, आणि मावशी. आई आल्यागेल्याला ही यादी याच क्रमानं सांगायची. गाय माझ्या जन्माआधीच मेली, पलंगाचा पाय हलायला लागला, मावशी तेवढी टिकली, असं म्हणून ती हसायची. आम्हीही हसायचो. आता हे लिहिताना हात अडखळतो, पण तेव्हा आम्ही खरंच हसायचो.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. आईचं माहेर अचलपूरचं. तिथल्या घरात मावशीची आई राबत होती आणि त्याआधी तिची आजी. आईचं लग्न झालं तेव्हा मावशी दहा-अकरा वर्षांची होती. आईच्या मागच्या गाडीत तिला बसवलं आणि अमरावतीला धाडून दिलं. पुढे आमच्याच शेतावरच्या एका गड्याशी तिचं लग्न लावलं. तो पटकीच्या साथीत गेला. मागं एक मुलगी राहिली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मावशीला पगार असा नव्हता. सणाला लुगडं, दोन वेळा भाकर, दुखलंखुपलं तर काढा. कुणी विचारलंच तर वडील म्हणत, "नोकर नाई ते. घरचीच हाय." मला न्हाऊमाखू घातलं ते तिनं, आणि तिला मी मावशी म्हणत होते. एवढं नातं लावल्यावर आणखी काही द्यायचं राहतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या सरकाराखाली होता आणि गुलामगिरी कायद्यानं कधीच बंद झालेली होती. हे मला शाळेत शिकवलेलं होतं, आणि परीक्षेत मी ते अचूक लिहिलंही होतं.

मी सोळा वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी मला एक कादंबरी वाचायला दिली. पुठ्ठा फाटलेला, पहिली दोन पानं गळालेली, त्यामुळे नाव काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी कापसाच्या मुलखातली गोष्ट होती. एक आई, तिची एक मुलगी, दोघी एका मळेवाल्याच्या मालकीच्या. मळेवाला मुलीला उचलून आपल्या भावाच्या घरी देऊन टाकतो. ती पळते, तिला धरून आणतात, पुन्हा पळते, आणि शेवटी मायलेकी भेटतात. प्रस्तावनेत रूपांतरकारानं लिहिलं होतं की अशा गोष्टी वाचून त्या देशांतले लोक रडले, रडता रडता सभा भरवू लागले, आणि सभांतून शेवटी कायदा बदलला. ती प्रस्तावना मी पाठ केली. मला वाटलं, जगात एवढं मोठं काम नुसत्या गोष्टीनं होत असेल तर मी ते करून दाखवीन. सोळाव्या वर्षी मला स्वतःबद्दल फार मोठमोठ्या कल्पना होत्या.

अडचण आईची होती. "कादंबऱ्या वाचून पोट्ट्या बिघडतेत," हे तिचं ठाम मत. पण त्या वर्षी तिनं लाख वातींचा नेम धरला होता. दुपारची जेवणं झाली की माजघरात बायका बसायच्या, आमच्याच शेतातल्या कापसाच्या वाती वळायच्या, आणि मी चौरंगावर पोथी ठेवून वाचायची. पोथी संपली होती, वाती निम्म्यासुद्धा झाल्या नव्हत्या. मी आईला म्हटलं, गरिबांच्या दुःखाची गोष्ट आहे, शेवटी देव त्यांना सोडवतो, म्हणजे पोथीच की. आईनं थोडा विचार केला आणि पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून ती कादंबरी लाल फडक्यात गुंडाळून चौरंगावर बसली. वाचायच्या आधी उदबत्ती, वाचल्यावर खडीसाखर.

अशी ती परदेशी गोष्ट आमच्या माजघरात पोथी झाली. आई, दोन काकू, शेजारच्या चार-पाच बायका, आणि उंबऱ्यापाशी मावशी. सगळ्यांत जास्त वाती तिच्या व्हायच्या. वळायच्या तिनं आणि पुण्य आईचं, यातही कुणाला काही वावगं दिसलं नाही.

मी शाळेत जायला लागल्यापासून घरातसुद्धा छापील मराठी बोलायची, आणि वाचताना तर आवाज चांगलाच लावायची. बायका मनापासून रडायच्या. धाकटी काकू तर गोष्टीतल्या मुलीचं नाव निघायच्या आधीच पदर डोळ्यांना लावायची. मावशी रडत नसे. ती मधेच काहीतरी विचारायची, आणि मला त्याचा वैताग यायचा. त्या मुलखातली माणसं पहाटे दवात कापूस वेचतात, असं एका ठिकाणी आलं. मावशी म्हणाली, "दवात कापूस कोन येचते बाप्पा? वल्ला कापूस गंजीत काळा पडते. हे लिवनाऱ्यानं कापूस येचलेला नाई, ताई."

"मावशी, ते पुस्तक आहे," मी म्हणाले.

"हो जी," ती म्हणाली आणि तिनं पुढची वात वळायला घेतली.

मळेवाला मुलीला भावाकडे देऊन टाकतो, तो भाग आला तेव्हा मात्र ती बराच वेळ वात तशीच बोटांत धरून बसली. मग म्हणाली, "ताई, त्या पोट्टीले कोनी इचारलं नाई का, तुले जायचं हाय का नाई?"

"तिथं तशी रीतच नव्हती ना, मावशी."

"म्हंजे आपल्या इथल्यासारखंच."

आई म्हणाली, "वाती बारीक वळ वं." आणि मी पुढचं पान उलटलं. मावशीला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला त्याच क्षणी कळलं होतं. कारण त्याच महिन्यात माझं लग्न अकोल्याला, जठारपेठेतल्या एका वकिलांशी ठरलं होतं आणि घरात माझ्या आंदणाची यादी सुरू होती. समया घ्यायच्या होत्या, पितळी डबे झाले होते, आणि सोबतीला मावशीची मुलगी जायची होती. ते ठरवायला कुणी बसलंसुद्धा नव्हतं. आईबरोबर मावशी आली, तशी माझ्याबरोबर तिची मुलगी जाणार, एवढं ते सरळ होतं. मला तर बरंच वाटलं होतं. परक्या घरी ओळखीचा चेहरा असेल म्हणून.

आमच्या घरी पोथीच्या समाप्तीची एक रीत होती. जिनं एकही दिवस न चुकवता पोथी ऐकली, तिनं शेवटच्या दिवशी चौरंगासमोर सुपारी ठेवायची आणि मनात असेल ते मोठ्यानं मागायचं. वाचणारीनं तिच्या ओंजळीत अक्षता घालायच्या आणि म्हणायचं, "होईल." बायका मुलगा मागायच्या, नवऱ्याची बदली मागायच्या, गुडघ्याचं दुखणं जावं म्हणायच्या. मी बारा वर्षांची असल्यापासून "होईल" म्हणत आले होते. त्याचं ओझं वाचणारीवर नसतं. शब्द आपण द्यायचा आणि पुरा करायचा देवानं, अशी आमची सोय होती.

कादंबरी संपली त्या दिवशी आईनं शिरा केला. शेवटचं प्रकरण वाचताना मलाच रडू आलं. मायलेकी भेटल्या, बायका हुंदके देऊन रडल्या, शेजारीण म्हणाली की असं तर कुठल्या पोथीतसुद्धा नाही. मग एकेक जण सुपारी ठेवायला उठली. सगळ्यांत शेवटी मावशी आली. उंबरा ओलांडून ती चौरंगापाशी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण एकही दिवस तिनं चुकवला नव्हता, त्यामुळे तिला अडवणार तरी कसं? तिनं सुपारी ठेवली, पदर पसरला आणि म्हणाली, "माही पोट्टी माह्यापाशी राहू द्या. तिले अकोल्याले नेऊ नोका."

ती चौरंगाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

आईच्या हातातला शिऱ्याचा चमचा तसाच राहिला. मी अक्षता उचलल्या, मावशीच्या पदरात घातल्या आणि म्हणाले, "होईल."

ते माझ्या तोंडून का निघालं? रीत होती म्हणून. बायका बघत होत्या म्हणून. आणि डोळे अजून ओले होते, त्यामुळे त्या क्षणी मला खरोखरच वाटलं की मी फार मोठी आहे. मावशीनं चौरंगाला नमस्कार केला आणि नंतर मलाही. रात्रीच्या स्वयंपाकाला लागताना आई म्हणाली, "पोथीपुढं मांगितलेलं देवाले मांगितलेलं असते. तू जिवाले लावून घेऊ नोको." मी लावून घेतलं नाही. एवढं सोपं होतं ते.

लग्न झालं. निघायच्या दिवशी स्टेशनावर जायला बैल जुंपलेल्या दमण्या उभ्या राहिल्या. मागच्या दमणीत समया, डबे आणि मावशीची मुलगी. मुलीच्या मांडीवर माझी पेटी होती. मावशी माझ्या दमणीचा दांडा धरून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, तुमी होईल म्हनलं होतं."

"वर्षभर राहू दे गं मावशी," मी म्हणाले. "मी तिकडे रुळले की लगेच पाठवते."

तिनं दांडा सोडला. मी रडत होते, तेव्हा बघणाऱ्यांना वाटलं की पोरगी माहेर सुटतं म्हणून रडते आहे. मलाही तसंच वाटलं.

अकोल्याला मी लवकरच रुळले. आमचे हे सुधारक मताचे होते, बायकोनं चार शब्द बोलावेत असं त्यांना वाटायचं. जठारपेठेतल्या बायकांची दर शनिवारी एक सभा भरायची, तिथं मी पहिलंच भाषण केलं ते "कादंबरीनं गुलामगिरी कशी मोडली" या विषयावर. प्रस्तावना पाठ होतीच. मी सांगितलं की तलवारीनं जे झालं नाही ते एका गोष्टीनं केलं, कारण दगडालाही पाझर फोडण्याची ताकद शब्दांत असते. टाळ्या पडल्या. वकिलाच्या बायकोनं हातात पिशवी घेऊन रस्त्यानं जाणं शोभत नसे, म्हणून पुस्तक आणि माझी शाल घेऊन मावशीची मुलगी मागं बसलेली असायची.

त्या दिवशी घरी परतताना तिनं विचारलं, "ताई, त्या बाईले तिची माय कोनी भेटवली?"

"ती स्वतःच पळून गेली आणि भेटली."

"आन मालकीन? तिनं नाई धाडलं?"

"नाही. मालकीण दुष्ट होती."

ती थोडं अंतर चालली. मग म्हणाली, "मले कधी धाडता?"

मी म्हणाले, "बाळंतपण होऊ दे माझं." बाळंतपण माहेरी न जाता अकोल्यालाच झालं, मग बाळाला दात यायचे होते, मग दुसऱ्या वेळचे दिवस राहिले. वर्षाची तीन वर्षं झाली. मी तिला कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, तिला अक्षरओळख करून दिली. त्या काळातल्या पुष्कळ बायकांपेक्षा मी बरी होते, हे मी स्वतःला रोज सांगायची. रोज सांगावं लागायचं, यातच खरं तर सगळं आलं.

एका दुपारी ती घरात दिसेना. बाळ रडत होतं. मी परसात पाहिलं, विहिरीवर पाहिलं, मग खुंटीवरचं तिचं दुसरं लुगडं नाही हे लक्षात आलं. मी आमच्या टांगेवाल्याला हाक मारली आणि म्हणाले, "स्टेशनावर बघ आधी. असेल तिथून घेऊन ये."

तासाभरात तो तिला घेऊन आला. दंडाला धरून. ती फलाटावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अमरावतीला जायला बडनेऱ्याची गाडी कोणती म्हणून विचारत होती. तिकीट काढावं लागतं हे तिला ठाऊक नव्हतं, कारण आयुष्यात एकदाच ती आगगाडीत बसली होती, माझ्या सामानाबरोबर. टांगेवाला म्हणाला, "घ्या बाई, सापडली तुमची पोट्टी." मी त्याला शाबास म्हणाले आणि चहा द्यायला सांगितलं. चहा तिनंच केला.

मी तिला रागे भरले. परक्या गावात काही झालं असतं तर मावशीला काय तोंड दाखवलं असतं, असंही म्हणाले. ती खाली बघत ऐकत होती. आणि मुलीला धरून आणल्याचं जे प्रकरण वाचताना सगळं माजघर रडवलं होतं, ते त्या सबंध दुपारी मला एकदाही आठवलं नाही.

आठवलं ते पुढच्या शनिवारी. सभेत बायकांनी आग्रह धरला की भाषण पुरे झालं, आज त्या पुस्तकातलं वाचून दाखवा. पळून जाण्याचाच भाग वाचा, म्हणाल्या. मी उघडलं आणि आवाज लावला. मुलगी पळते, मळेवाल्याची माणसं तिला गाठतात, आणि एक जण तिचा दंड धरून तिला मालकिणीपुढे उभी करतो. मी इथवर आले आणि समोर पाहिलं. मावशीची मुलगी माझी शाल मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. पुढचं वाक्य मी वाचते की गाळते, एवढंच ती बघत होती.

माझा आवाज बंद पडला. पुढचं मला वाचताच येईना. कुणीतरी पाणी आणून दिलं, एक बाई मला जवळ घेऊन म्हणाली की केवढं कोवळं मन आहे, आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही. मी तिथंच सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायले आणि मान हलवली.

कादंबरीचा माणसांवर काय परिणाम होतो, हे मला पुढेही पुष्कळदा विचारलं गेलं, आणि मी नेहमी प्रस्तावनेतलंच सांगत आले. माझा अनुभव निराळा आहे. आमच्या माजघरात आम्ही आठ जणी रडलो आणि आमचं काहीही बदललं नाही. रडून झालं म्हणजे काम झालं, असं आम्हाला वाटलं, कारण पोथीचं तसंच असतं. पुस्तकाचा परिणाम झाला तो एकटीवर, जी रडली नाही तिच्यावर. तीन पिढ्यांत कुणी तोंडातून काढलं नव्हतं ते तिनं भर माजघरात मागितलं. आणि मागितलं ते नेमकं माझ्याकडे.

त्या सभेनंतर आठवड्याभरात मी मावशीच्या मुलीला घेऊन अमरावतीला निघाले. ह्यांना सांगितलं की आईला भेटून येते. मुलीला गाडीत बसल्यावर सांगितलं की तू आता तिकडेच राहायचं. ती "बरं" म्हणाली आणि बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी अधूनमधून तिच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता काहीतरी बोलेल.

घरी पोचलो तेव्हा मावशी अंगणात सारवत होती. तीन वर्षांत फार वाकली होती. मुलगी दमणीतून उतरली, तसे तिचे शेणाचे हात हवेतच राहिले. मग धावत आली ती मुलीकडे नाही, माझ्याकडे. मधेच थांबून हात लुगड्याला पुसले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "ताई, तुमी शबुद राखला," म्हणाली. "तुमचे उपकार मी फेडू नाई शकत."

मला न्हाऊ घालणारी बाई माझ्या पायांवर पडली होती, तिचंच लेकरू तीन वर्षांनी तिला परत दिलं म्हणून. आई ओसरीवरून बघत होती आणि शेजारणीला सांगत होती, "माही पोट्टी लय दयाळू हाय." मी मागं सरले नाही. मावशीला उठवलंही नाही. थोरली माणसं म्हणतात तसं "असू दे, असू दे" म्हणाले.

मुलगी मात्र माझ्या पाया पडली नाही. तिनं आईचा दंड धरून तिला उठवलं आणि माझ्याकडे न बघता तिला आत घेऊन गेली. आणि मी तिथं अंगणात उभी राहून तिच्यावर मनातून संतापले. एवढं केलं तिच्यासाठी, स्वतः पोचवायला आले, आणि हिला साधा वाकून नमस्कार करवला नाही, असं मला वाटलं. ती कृतघ्न आहे, हेच मी परतीच्या गाडीत अकोल्यापर्यंत मनात घोळवत होते.